४७ घोड्यांचा हिशेब: पहिल्याच वर्षीची सुप्रा घ्यावी का?

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मावसभावानं मला एक फोटो पाठवला. गाडीचा नाही, गाडीच्या काचेचा. काचेवर आतून दोन कागद चिकटवलेले. एक छापील, मोठा, बारीक अक्षरांचा. दुसरा डीलरनं आपल्याच प्रिंटरवर काढलेला, त्यावर एकच रक्कम: अधिक १०,००० डॉलर. खाली भावाचा मेसेज, "दादा, हे द्यायचे असतात का?"

पहिल्या कागदाला तिकडे मनरोनी स्टिकर म्हणतात. सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकारानं १९५८ साली केंद्रीय कायदा झाला, तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीवर कंपनीची किंमत, जोडलेल्या सुविधा असा सगळा तपशील लावावाच लागतो. गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत डीलरला तो काढता येत नाही. पण कायद्यानं किंमत दाखवणं सक्तीचं केलं, त्या किमतीला विकणं नव्हे. स्टिकरवरचा आकडा ही कंपनीची 'सूचना' असते. मागणी जास्त असली की डीलर शेजारी दुसरा कागद लावतो आणि त्याला बाजाराचं नाव देतो.

गाडी होती टोयोटाची नवी सुप्रा. भावाचा प्रश्न दुसऱ्या कागदाचा होता, पण त्यातून निघालेली चर्चा तीन वर्षं चालली. नव्या स्पोर्टी गाडीत आपण नक्की कशाचे पैसे मोजतो, हे मला त्या चर्चेत जितकं कळलं तितकं एकाही परीक्षणातून कळलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुनी सुप्रा अमेरिकेत १९९८ नंतर विकायला नव्हती. दोन दशकांनी ती परतणार म्हटल्यावर लोकांचं काय झालं असेल, याचा अंदाज एका लिलावावरून येतो. जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात गाडीवरचा पडदा उठला आणि काही दिवसांतच पहिली गाडी धर्मादाय लिलावात २१ लाख डॉलरला गेली. तो दानाचा पैसा होता, त्यावरून बाजारभाव काढायचा नसतो. पण डीलर ते कुठं ऐकणार.

सामान्य गिऱ्हाइकासाठी तीन किमती होत्या. साधी ३.० गाडी ४९,९९० डॉलर, प्रीमियम ५३,९९० आणि पहिल्या १,५०० गाड्यांची 'लाँच एडिशन' ५५,२५०. यांत्रिक भाग तिन्हींत तोच. बॉनेटखाली बीएमडब्ल्यूचं तीन लिटर, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३३५ अश्वशक्तीचं. सोबत आठ गिअरचा ऑटोमॅटिक. मॅन्युअल नाहीच. गाडी बीएमडब्ल्यूच्या झेड४ सोबत एकाच पायावर उभारलेली आणि ऑस्ट्रियात ग्राझच्या मॅग्ना स्टायर कारखान्यात जुळवलेली. "मग ही टोयोटा कशी?" असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो वाद कधी फार महत्त्वाचा वाटला नाही. गाडी वळताना बिल्ला बघत नाही.

भावाकडे तेव्हा तेरा वर्षं जुनी मॅन्युअल सेडान होती. रोजचं ऑफिस जाऊन-येऊन चाळीस मैल, शनिवार-रविवारी डोंगरातले रस्ते, आणि कर धरून खर्चाची कमाल मर्यादा ५५,००० डॉलर. बायकोचा एकच आक्षेप होता, दोनच सीट. तो रास्त होता आणि घरात दुसरी गाडी आहे या एका वाक्यावर मिटला.

तो इंजिनिअर असल्यामुळे त्यानं लगेच तक्ता केला. एका अश्वशक्तीमागे किती डॉलर पडतात? सुप्रा १४९. बीएमडब्ल्यूची झेड४ एम४०आय ६३,७०० डॉलर आणि ३८२ अश्वशक्ती, म्हणजे १६७. फोर्ड मस्टँग जीटी साधारण ३५,००० डॉलरपासून पुढे आणि ४६० अश्वशक्ती, म्हणजे ७७ च्या आसपास. मग तक्ता माझ्याकडे पाठवून म्हणाला, "दादा, हिशेबानं मस्टँगच घ्यायला हवी. पण मस्टँग चालवून बघितली आणि मन भरलं नाही."

इथंच त्याला म्हटलं, तुझा तक्ताच चुकलाय. घोड्यामागचे डॉलर हे माप मस्टँगसारख्या मोठ्या, आठ सिलिंडरच्या व्ही८ इंजिनाच्या गाडीला कायम जिंकवणारच, मोठं इंजिन ही ताकदीची सगळ्यात स्वस्त वाट असते. त्या मापात वजन येत नाही, चाकांमधलं अंतर येत नाही, वळणावर गाडी हातात कशी राहते ते येत नाही. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,७२० मिलिमीटर, सुप्राचं २,४७०. टोयोटाच्याच '८६' नावाच्या छोट्या गाडीपेक्षाही सुप्रा या मापात दहा सेंटिमीटर आखूड. मुख्य अभियंता तेत्सुया ताडा यांनी चाकांमधली लांबी आणि रुंदी यांचं १.५५ हे गुणोत्तर 'सोनेरी' मानून सगळी गाडी त्याभोवती बेतली. भावाला मस्टँगमध्ये जे सापडत नव्हतं ते यातच होतं, आणि त्याच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मग त्यानं सुप्रा चालवून बघितली. शोरूमची फेरी ती केवढी! वीस मिनिटं, सात सिग्नल, शेजारच्या सीटवर सेल्समन. सगळ्यात आधी त्यानं वर्णन केलं ते बसण्याचं: उंबरठा ओलांडून आत घुसायचं, डोकं वाकवायचं आणि मग जवळजवळ जमिनीवर टेकायचं. मागचं दिसणं बेताचं. दोन सिग्नलांमध्ये एकदा पाय दाबायला मिळाला, तेवढ्यानं तो हरखून गेला होता. मी विचारलं, "तेव्हा इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर होतं?" म्हणाला, "अडीच-तीन हजार असेल." हे उत्तर मी लिहून ठेवलं होतं. पुढं फार उपयोगी पडलं.

त्याच आठवड्यात, १८ जुलैला, शेवरलेनं नवी कॉर्व्हेट दाखवली. इंजिन सीटच्या मागे, ४९० अश्वशक्ती, किंमत ६०,००० च्या आत. भाऊ रात्रभर झोपला नाही. हिशेबानं तोही थक्क करणारा सौदा होता, घोड्यामागे १२२ डॉलर. मी एवढंच म्हणालो की दाखवलेली गाडी आणि मिळणारी गाडी यांत वर्ष जाऊ शकतं. सप्टेंबरमध्ये शेवरलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या कामगारांचा संप सुरू झाला, चाळीस दिवस चालला, आणि कॉर्व्हेटचं उत्पादन फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं. माझं भाकीत खरं ठरलं म्हणून मी खूप मिरवलं. खरं तर संपाची मला काडीचीही कल्पना नव्हती.

आता त्या दुसऱ्या कागदाबद्दल. १०,००० डॉलर हा गाडीचा भाग नाही. त्यानं टायर रुंद होत नाहीत, ब्रेक मोठे होत नाहीत. कर्ज काढलंत तर त्यावर व्याज भरायचं. आणि उद्या गाडी अपघातात निकालात निघाली तर विमा कंपनी त्या दिवसाचा बाजारभाव देते, तुम्ही उतावीळपणापायी दिलेला वरचा पैसा नाही. मी त्याला म्हटलं, ही वरची रक्कम दर महिन्याला हजार डॉलरनं उतरेल असं समज आणि थांब. हा आकडा मी हवेतून काढला होता, पण दिशा बरोबर होती. मागणीची पहिली लाट अशा गाडीला फार काळ पुरत नाही. ज्यांना घ्यायचीच असते ते पहिल्या काही महिन्यांतच घेतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये अडीच तासांवरच्या एका डीलरकडे त्याला साधी ३.० गाडी स्टिकरच्या किमतीला मिळाली. ४९,९९० डॉलर. काचेवर एकच कागद. तो खूश, मी खूश.

फेब्रुवारी २०२० मध्ये फोन आला. हॅलोसुद्धा नाही. "दादा, पोपट झाला."

टोयोटानं २०२१ ची सुप्रा जाहीर केली होती. इंजिन तेच तीन लिटरचं, पण ताकद ३३५ वरून ३८२. किंमत पुढं कळली, ५०,९९०. म्हणजे एक हजार डॉलरला ४७ घोडे, घोड्यामागे २१ डॉलर. आणि भावाची गाडी तीन महिन्यांची. बदल सॉफ्टवेअरचा असता तर जुन्या गाड्यांवर चढवता आला असता. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारा भाग, वेगळा होता, पूर्वी दोन तोंडांचा, आता सहा तोंडांचा. पिस्टन वेगळे होते आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) ११ वरून १०.२ वर आणलं होतं. जुन्या मालकांना यातलं काही मिळणार नव्हतं. पहिल्या वर्षीच्या मालकांत जो संताप उसळला तो मला समजत होता. कंपनीवर विश्वास ठेवून आधी रांगेत उभं राहिलेल्यालाच कमी माल मिळाला, अशी ती भावना.

पण भावना बाजूला ठेवून आम्ही त्या रात्री कागद-पेन्सिल घेतली.

टोयोटाच्याच दाव्यानुसार शून्य ते ताशी साठ मैल हा वेग जुनी गाडी ४.१ सेकंदांत गाठायची, नवी ३.९ सेकंदांत. सत्तेचाळीस घोडे आणि फरक ०.२ सेकंद! कारण सुटताना गाडीला अडवते ती इंजिनाची ताकद नव्हे, मागच्या दोन टायरांची पकड. पकड संपली की इंजिनात आणखी कितीही घोडे असोत, ते फक्त रबर जाळतात.

त्याहून महत्त्वाचं टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचं. जुन्या इंजिनाचा टॉर्क ३६५ पाउंड-फूट, नव्याचा ३६८. फरक तीनचा. जुनं इंजिन तो मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासून ४,५०० पर्यंत देतं, नवं १,८०० पासून ५,००० पर्यंत. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या, तेव्हा पहिल्या साडेचार हजार फेऱ्यांत दोन्ही गाड्या जवळपास एकच. जुन्याची ३३५ ची कमाल ५,००० पासून ६,५०० पर्यंत सपाट चालते, नव्याची ३८२ ही ५,८०० च्या पुढं. थोडक्यात, भावाचे ४७ घोडे चोरीला गेले होते ते पाच हजार फेऱ्यांच्या वरच्या मजल्यावरून. भर म्हणजे, वाहन-मासिकांनी २०२० ची गाडी यंत्रावर चढवून तपासली तेव्हा चाकांपाशी मोजलेली ताकदच कंपनीनं इंजिनासाठी सांगितलेल्या आकड्याच्या आसपास निघाली होती. एरवी इंजिनापासून चाकांपर्यंत जाताना बरीच ताकद वाटेत गळते. म्हणजे ३३५ हा आकडा मुळात हात राखून सांगितलेला.

मी त्याला एक काम दिलं. आठवडाभर गाडी चालव आणि फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या वर किती वेळा जातो ते मोज. रविवारी त्याचा मेसेज आला: अकरा वेळा. "त्यातल्या नऊ वेळा मोजायचं होतं म्हणून," असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मग त्याचं काहीच नुकसान झालं नाही का? झालं, पण ज्यावर सगळे ओरडत होते तिथं नाही. २०२१ च्या गाडीत पुढच्या सस्पेन्शनच्या माथ्यापासून रेडिएटरच्या आधारापर्यंत ॲल्युमिनियमचे दांडे जोडले होते. धक्के शोषणारे डॅम्पर, स्टिअरिंग, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरेन्शियल, स्थिरतेची यंत्रणा, सगळं नव्यानं जुळवलं होतं. पहिल्या वर्षीच्या गाडीबद्दल जाणकारांची तक्रार हीच होती की वळणाच्या मध्यावर, रस्ता उंचसखल असला की, ती थोडी अस्वस्थ होते. डोंगरातल्या रस्त्यावर शनिवारी सकाळी जाणाऱ्या माणसाला हा फरक प्रत्येक वळणाला जाणवतो. त्या दांड्यांसाठी कोणी गळा काढला नाही, कारण त्यांची जाहिरात करायला आकडा नव्हता.

आणखी एक गोष्ट मला आधी दिसायला हवी होती आणि दिसली नाही. झेड४ त्याच इंजिनासह अमेरिकेत पहिल्या दिवसापासून ३८२ अश्वशक्तीची होती. भावाच्या तक्त्यात तो आकडा आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर होता! एकाच पायावरच्या दोन गाड्या, एकच इंजिन, आणि एकीला ४७ घोडे कमी. वाढीव अवतार तयार होता, फक्त वाटणी बाकी होती. नव्या गाडीची भावंडं जर जास्त ताकदीनं विकली जात असतील तर वर्ष-दोन वर्षांत काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अर्थात दरवेळी तसंच होईल असंही नाही. युरोपात सुप्राचा आकडा नंतरही ३४० मेट्रिक अश्वशक्तीवर, म्हणजे अमेरिकी मापात त्याच ३३५ वर राहिला.

त्याच घोषणेबरोबर दोन लिटरची सुप्राही आली होती, २५५ अश्वशक्ती, ४२,९९० डॉलर, आणि वजनात शंभर किलोनं कमी. तिचं मला कौतुक वाटलं होतं. तीन लिटरच्या गाडीला ताशी साठ मैल गाठायला ३.९ सेकंद लागायचे, हिला ५. पण नाकावरचं वजन उतरल्यामुळे वळायला ही उत्सुक. गोम अशी की अडॅप्टिव्ह, म्हणजे गरजेप्रमाणे मऊ-कडक होणारे डॅम्पर आणि मागचं सक्रिय डिफरेन्शियल हिला दिलेलं नव्हतं. म्हणजे ८,००० डॉलर वाचवताना तुम्ही फक्त घोडे सोडत नव्हता, वळणावरचा बंदोबस्तही सोडत होता. भावाला विचारलं असतं तर त्यानं ती घेतली नसती. मी कदाचित घेतली असती. आमच्यात एवढा फरक आहेच.

पुढं जे झालं त्याचं श्रेय आम्ही दोघंही घेऊ शकत नाही. महामारी आली, चिपचा तुटवडा पडला आणि जुन्या गाड्यांचे भाव सुटले. जून २०२१ पर्यंतच्या बारा महिन्यांत अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकात वापरलेल्या गाड्या ४५.२ टक्क्यांनी महागल्या. स्टिकरच्या किमतीला घेतलेली गाडी दीड वर्ष वापरून जवळपास तेवढ्यालाच विकता येईल अशी अजब वेळ आली. तिकडे १०,००० जास्त देणारेसुद्धा सुटले असतील. म्हणून त्यांचा निर्णय बरोबर होता असं मी अजूनही म्हणणार नाही. चिठ्ठी टाकून लागलेल्या बक्षिसाला कोणी गुंतवणूक म्हणत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये आणखी एक फोन आला. या वेळी हॅलो होतं, पण आवाज पडलेला.

"दादा, मॅन्युअल आलीय."

२०२३ च्या सुप्रामध्ये सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लचसाठी तिसरं पेडल, आणि गिअरबॉक्सनंतरचं, चाकांकडचं शेवटचं गिअर-गुणोत्तर ३.१५ ऐवजी ३.४६, म्हणजे गाडी प्रत्येक गिअरमध्ये जरा जास्त उसळी घेणार. ४७ घोडे गेले तेव्हा त्यानं चिडून फोन केला होता. आता चिडचिड नव्हती, हळहळ होती. तेरा वर्षं रोज चाळीस मैल डाव्या पायानं क्लच दाबत ऑफिसला गेलेला माणूस तो. २०१९ मध्ये तक्ता करताना त्यानं हा विषय काढला नव्हता, कारण मॅन्युअल मिळतच नव्हती, आणि मिळत नाही त्याला रकाना कोण ठेवतो? मीही विचारलं नव्हतं. घोडे, सेकंद, डॉलर सगळं विचारलं, पण तुझ्या आत्ताच्या गाडीतलं तुला रोज काय आवडतं, एवढं विचारायचं राहून गेलं.

मी म्हटलं, काटा पाच हजारांवर आठवड्यात अकरा वेळा गेला होता. ऑफिसच्या वाटेवर गिअर किती वेळा बदलशील?

"एका फेरीत दोनशे तरी," तो म्हणाला. नंतर बराच वेळ दोघंही गप्प होतो.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्यानं २०२० ची गाडी विकली. वीस मिनिटांच्या फेरीसाठी तो पुन्हा शोरूममध्ये गेला आणि पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पाडली. तीन वर्षं डाव्या पायाला सवय नव्हती. मग काचेचा फोटो आला. दोन कागद. दुसऱ्यावर अधिक ३,००० डॉलर.

मी लिहिलं, "निघ तिथून."

अर्ध्या तासानं त्यानं पावती पाठवली. त्यात ते तीन हजार होते.